जुनी लिनिया, जालन्याचा रस्ता

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जालन्याच्या गाडीवाल्याचं गणित बदललं. एरवी नागपूरला मोटारीनं जायचं म्हणजे सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा करत, ट्रकांच्या मागे रेंगाळत दिवस घालवायचा. आता साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर एका दमात होतं. मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे, मध्ये चौक नाही, ट्रॅक्टर-ट्रॉली नाही, दुचाकी नाही. मात्र इंटरचेंजवरून खाली उतरून घनसावंगी, मंठा किंवा भोकरदन तालुक्यातलं एखादं गाव गाठायचं झालं, की तीच गाडी काळ्या मातीवरच्या लाटा आलेल्या डांबरावर, न रंगवलेल्या स्पीड ब्रेकरवरून आणि उसाच्या गाड्यांच्या बाजूनं काढावी लागते. दोन्ही रस्ते एकाच दिवशी, एकाच गाडीनं. या मागणीसाठी इटालियन लोकांनी मोटारींचा एक आख्खा वर्गच तयार केला होता, त्याचं नाव ग्रान तुरिस्मो, म्हणजे जीटी.

इटलीत मोटारींसाठी राखून ठेवलेला रस्ता फार लवकर आला. मिलान ते वारेसे हा टप्पा १९२४ मध्येच सुरू झाला होता. मिलानपासून नेपल्सपर्यंतचा साडेसातशे किलोमीटरचा ‘आउटोस्ट्राडा देल सोले’ १९६४ मध्ये पूर्ण झाला. आपला समृद्धी ७०१ किलोमीटरचा, म्हणजे लांबी जवळजवळ तेवढीच. अशा रस्त्यांवर तासन्‌तास एका वेगानं धावणारी आणि रस्ता संपला की डोंगरातल्या अरुंद वळणांवरही न बिचकणारी गाडी तिथल्या लोकांना हवी होती. तिच्यात माणसांबरोबर त्यांच्या बॅगाही मावायला हव्या होत्या. १९५१ ची लान्सिया ऑरेलिया बी२० जीटी या वर्गातली आद्य गाडी मानली जाते. तिचं इंजिन अवघं दोन लिटरचं होतं. त्याच वर्षीच्या मिल्ले मिलिया शर्यतीत ती दुसरी आली. पहिल्या आलेल्या फेरारीचं इंजिन चार लिटरहून मोठं होतं. ताकदीची कसर तोलानं, सस्पेन्शननं आणि चालवणाऱ्याला न थकवण्यानं भरून काढता येते, हे त्या निकालानं दाखवून दिलं.

जीटीचा अर्थ असा घेतला, तर जालन्यातल्या माणसानं जुनी इटालियन जीटी शोधताना नजर कुठे वळवावी हे बरंचसं ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ती गाडी माझेराती नाही, रांजणगावात तयार झालेली फियाट लिनिया आहे.

माझेरातीची बाजू लवकर उरकू. सेकंडहँड बाजारात मुंबई-दिल्लीकडे माझेरातीची ग्रानतुरिस्मो किंवा घिब्ली अधूनमधून विक्रीला दिसते आणि तिची किंमत नव्या मोठ्या एसयूव्हीच्या आसपास आली की मोह होतो. पण गाडी जुनी झाली म्हणून तिचे ब्रेक, सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त होत नाहीत. ते नव्या माझेरातीच्याच भावानं घ्यावे लागतात. एखाद्या सेन्सरसाठी गाडी ट्रकवर चढवून मुंबईला पाठवायची म्हटली, तर जालन्याहून एका बाजूचंच अंतर चारशे किलोमीटरच्या घरात जातं. परदेशातून जुनी गाडी आणायची वाटही बंद असल्यासारखीच आहे. आयात होणारी वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच लागतं आणि वर जबर आयात शुल्क. हौस म्हणून कुणी घेतली तर कौतुक आहे; रोजच्या वापरासाठी घेऊ नये.

महाराष्ट्राचं इटालियन मोटारींशी नातं मात्र या महागड्या गाड्यांपेक्षा कितीतरी जुनं आणि घरगुती आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी तिथं अमेरिकी गाड्या जुळवल्या जात, मग फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. हीच गाडी पुढं प्रीमियर पद्मिनी झाली, तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे ही गाडी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. मराठवाड्यात आजही कुणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली एखादी पद्मिनी सापडते आणि मालक ती अगदी थोडक्यात द्यायला तयार असतो. जरूर घ्यावी, पण लग्नाच्या वरातीसाठी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन समृद्धीवर १२० च्या प्रवाहात शिरणं हे धाडस झालं.

पद्मिनीनंतरची उनो, मग सिएना आणि २००१ ची पालिओ. पालिओच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, तिची १.६ लिटरची जीटीएक्स शंभर अश्वशक्तीची होती आणि तिचे चाहते अजून भेटतात. पण या गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. आवड असेल आणि घरात दुसरी गाडी असेल तरच त्यांचा विचार करावा.

रोजच्या वापरासाठी खरी निवड २००९ मध्ये आलेल्या दोन गाड्यांत होते. जानेवारी २००९ मध्ये लिनिया ही सेडान आली आणि जूनमध्ये ग्रांड पुंटो ही हॅचबॅक. दोन्ही पुण्याजवळच्या रांजणगावला, टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात तयार होत. ग्रांड पुंटोचा आराखडा जोर्जेत्तो जुजारो यांच्या इटालडिझाइनकडचा. १९६३ ची अल्फा रोमिओ जुलिया स्प्रिंट जीटी आणि १९९८ ची माझेराती ३२०० जीटी या दोन्ही गाड्यांवरही जुजारोंचाच हात फिरलेला आहे. पुंटोचं नाकाड आणि डोळे माझेरातीची आठवण करून देतात, तो काही योगायोग नाही. म्हणजे लाख-दोन लाखांत मिळणाऱ्या जुन्या पुंटोवर जी रेघ आहे, ती एखाद्या खऱ्या जीटीच्या घरातलीच आहे.

तरी कुटुंबासाठी मी लिनियाच सुचवीन. तिची डिकी ५०० लिटरची आहे, मागच्या सीटवर तिघं सरळ बसतात आणि चाकांमधलं अंतर जास्त असल्यामुळं वेगात ती स्थिर राहते. गाडी जड आहे, वजन सव्वा टनाच्या आसपास. विक्रीच्या काळात हेच वजन तिच्यावरचा आरोप होता, कारण शहरात ती सुस्त वाटायची आणि मायलेजच्या स्पर्धेत जपानी गाड्यांच्या मागे राहायची. महामार्गावर ट्रक शेजारून गेला, आडवा वारा आला, की त्याच वजनाचं महत्त्व कळतं. तिचं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, त्यामुळं चाकाखाली काय चाललंय ते हातांना समजत राहतं. आजच्या बहुतेक गाड्यांच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ही जाणीव फार पातळ झाली आहे.

आता इंजिन. जुनी फियाट घेण्यातली सगळ्यात मोठी भीती इथंच असते आणि या भीतीचं उत्तरही इथंच आहे. फियाटनं जानेवारी २०१९ च्या सुमारास भारतात या गाड्यांचं उत्पादन थांबवलं. कंपनी गेली, आता इंजिनाचे पार्ट कुठून आणायचे, असा प्रश्न प्रत्येक मेकॅनिक विचारतो. पण लिनियातलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन फियाटपुरतं कधी नव्हतंच. मारुतीनं २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट काढली ती याच इंजिनावर. पुढं डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. टाटांच्या व्हिस्टा, मान्झा आणि झेस्टमध्ये ते क्वाड्राजेट नावानं आलं. जालन्यात अंबड चौफुलीवर पाच मिनिटं उभं राहिलात तरी या इंजिनाच्या गाड्या डोळ्यांसमोरून जाताना दिसतील. त्या चालवणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर घासून या इंजिनाच्या सगळ्या खोडी शोधून ठेवल्यात आणि गल्लीतल्या फिटरला त्या पाठ आहेत.

डिझेल मोटारीतलं कॉमन रेल हे तंत्रही मूळ फियाटच्याच संशोधनशाळेत वाढलं. कंपनीनं १९९४ मध्ये ते बॉशला विकलं आणि या तंत्राची पहिली मोटार १९९७ ची अल्फा रोमिओ १५६ ठरली. पूर्वीचं डिझेल इंजिन एका स्फोटासाठी एकदाच इंधन फवारत असे, म्हणून त्याचा तो ठोक्यांचा आवाज. मल्टिजेटमध्ये एकाच फेरीत इंधन अनेक छोट्या फवाऱ्यांत विभागून जातं. दाब हळूहळू चढतो, आवाज कमी होतो, डिझेल पुरं जळतं. २००५ मध्ये या छोट्या इंजिनाला त्याच्या गटातला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताब मिळाला होता.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. इंजिन एकच असलं, तरी त्यावर बसवलेलं सगळं सामान एकसारखं नाही. स्विफ्ट-डिझायरमधलं इंजिन ७५ अश्वशक्तीच्या आसपासचं, साध्या टर्बोचं. लिनियाचं ९० च्या आसपासचं, बदलत्या पात्यांच्या टर्बोचं. त्याचे नातेवाईक म्हणजे डिझेल एसएक्स४, अर्टिगा, मान्झा. पिस्टन, चेन, गॅस्केट अशा पोटातल्या वस्तू मिळण्याची अडचण नाही. टर्बो, इंजेक्टर आणि सेन्सर घेताना मात्र पार्ट नंबर जुळवूनच घ्या. ‘स्विफ्टचा आहे, बसेल’ या भरवशावर पैसे देऊ नका.

टायमिंगसाठी या इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी आहे. तिला ठरावीक मुदतीत बदलायची गरज नसते, म्हणून मालक तिला विसरतो. ती ऑइलवर जगते. ऑइल उशिरा बदललं, पातळी खाली गेली, हलकं ऑइल टाकलं, की ती ताणते आणि थंड इंजिन सुरू करताना खुळखुळाट ऐकू येतो. म्हणून डिझेल लिनिया पाहायला जाताना मालकाला आधीच बजावून सांगा, की गाडी सुरू करून ठेवू नका, बॉनेट थंडच हवं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का गरम केलं, हे विचारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. पहिल्या काही क्षणांचा तो आवाज विक्रेत्याच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो.

सुरू झाल्यावर धूर पाहा. ॲक्सिलरेटर दाबताच थोडा काळा धूर आला तर ईजीआर किंवा इनटेक काजळीनं भरलेलं असू शकतं. हे काम स्वस्तातलं आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथं टर्बोचा किंवा इंजिनाचा खर्च समोर दिसतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर सरळ दुसरी गाडी शोधा. मग चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून गाडी उचलून बघा. दोन हजार आरपीएमच्या खाली मल्टिजेट मरगळलेलंच वाटतं, तो त्याचा स्वभाव आहे. दोन हजारांच्या पुढे पाठीत धक्का बसल्यासारखी ओढ आली पाहिजे. ती आली नाही तर टर्बो किंवा त्याच्या व्हॅक्यूम नळ्यांकडे संशय न्यावा.

लिनिया टी-जेट ही पेट्रोल गाडी. १३६८ सीसी, टर्बो, ११४ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. लिनियाच्या घरात जीटी म्हणण्याजोगी खरी हीच. २०१६ मध्ये तिचीच १२५ अश्वशक्तीची आवृत्ती आली आणि त्याआधी, २०१५ मध्ये, याच इंजिनाचा १४५ अश्वशक्तीचा अवतार अबार्थ पुंटोत बसला. त्या काळात दहा लाखांच्या आतबाहेर एवढ्या ताकदीची हॅचबॅक भारतात दुसरी नव्हती. पण जालन्याच्या वापरासाठी तिचं जमिनीपासूनचं अंतर १५५ मिलिमीटरच आहे आणि गावातल्या ब्रेकरवर पोट घासतं. टी-जेट लिनिया त्या मानानं सोयीची. तिच्या इंजिनात टायमिंगचा पट्टा आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि आख्खं इंजिन उघडावं लागतं. पट्टा केव्हा बदलला याचं बिल दिसलं नाही, तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला आणि तेवढी किंमत कमी करून मागा. तिचे सुटे भाग डिझेलइतके सहज मिळत नाहीत, त्याचीही तयारी हवी.

पेट्रोलवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची आहे. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल उसातूनही येतं, म्हणजे अंबड-घनसावंगीच्या ऊसवाल्याचा त्यात फायदा आहे. पण दहा वर्षांपूर्वीची गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. रबराच्या नळ्या आणि सील लवकर कडक होतात, मायलेज थोडं घटतं. गाडी घेतल्यावर इंधनाच्या नळ्या एकदा तपासून, गरज असल्यास सगळ्या बदलून घ्याव्यात. टर्बो नसलेली १.४ लिटरची साधी पेट्रोल लिनियाही मिळते, स्वस्तही मिळते. गाडीच्या वजनाला तिचं इंजिन अपुरं आहे, म्हणून ती मी सुचवणार नाही.

वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर धावणाऱ्या, बियाण्यांच्या किंवा मोसंबीच्या कामानं जिल्हाभर फिरणाऱ्या माणसानं डिझेल घ्यावं. रविवारपुरती चालवणाऱ्यानं आणि चालवण्याची आवड असणाऱ्यानं टी-जेट. कामासाठी मुंबई हेच ठिकाण असेल, तर डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून वंदे भारत मिळते. घाटात गाडी झिजवण्यात अर्थ नाही.

आता सस्पेन्शन, कारण जालना जिल्ह्यात गाडीची खरी परीक्षा तिथंच होते. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा रस्ता कितीही चांगला केला, तरी खालची जमीन दरवर्षी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत राहते, म्हणून डांबर लाटांसारखं होतं. अशा लाटांवर मऊ सस्पेन्शनची गाडी ऐंशीच्या वेगातच उड्या मारू लागते. लिनिया आणि पुंटो इथं शांत असतात. फियाट घेऊन पुढं कधी न विकणारे लोक भेटतात, त्यातल्या बहुतेकांचं पहिलं कारण हेच असतं. पण दहा वर्षं असे रस्ते खाल्लेल्या गाडीचं सस्पेन्शन मूळचं उरत नाही. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, पुढच्या स्ट्रटचे वरचे माउंटिंग आणि स्टिअरिंग रॅक यांची परीक्षा घ्या. खिडक्या बंद, टेप बंद, आणि खराब रस्त्यावर वीसच्या वेगानं चला. प्रत्येक टकटक कुठून येते ते ऐका. या सगळ्या वस्तू बदलता येतात, त्या बदलल्यावर गाडी पुन्हा नव्यासारखी बसते, आणि किंमत ठरवताना हा खर्च तुमच्या बाजूनं वापरता येतो. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघणं मात्र चुकवू नका. ऑइल चेंबर ठोकरलेला आहे का, चासीला वेल्डिंग झालंय का, हे वरून कधीच दिसत नाही.

टायर पाहताना नक्षीइतकंच वयही बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ असेल तर तो २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. जुन्या फियाट अनेकदा कमी चाललेल्या असतात, त्यामुळं टायरची नक्षी भरपूर आणि रबर मात्र म्हातारं, अशी फसवी अवस्था सापडते. समृद्धीवरच्या काँक्रीटवर एप्रिल-मेच्या उन्हात ताशी १२० नं तासभर चाललं, की हवा कमी असलेला टायर आतल्या आत वाकून-वाकून तापतो. त्यात रबर जुनं असलं तर फुटायला वेळ लागत नाही. सहा वर्षांचे टायर दिसले तर नव्या चार टायरांचे पैसे किमतीतून वजा करा आणि गाडी घरी आल्यावर पहिलं काम तेच करा. लिनियाच्या बऱ्याच आवृत्त्यांना लागणारं १९५/६० आर१५ हे माप सर्वत्र मिळतं.

एसीची परीक्षा दुपारीच घ्यावी. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सकाळी सातला प्रत्येक गाडीचा एसी गारच असतो. व्हेरियंटही बघून घ्या. खालच्या आवृत्त्यांत एबीएस आणि एअरबॅग नव्हत्या. समृद्धीवर चालवायची असेल तर या दोन्ही गोष्टी नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. असतील तर चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझतो की नाही ते पाहा. पेटतच नसेल तर अपघातात एअरबॅग उघडून गेली आणि कुणीतरी दिव्याचं कनेक्शन काढलं, अशी शक्यता राहते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग असेल तर ती गाडी कुठल्या तरी पुरातून आलेली आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका, मीटर मागं फिरवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं झिजलेलं कातडं, चालकाच्या सीटची कड आणि सर्व्हिसची बिलं एकमेकांशी जुळतात का ते बघा.

कागदपत्रांत जुन्या फियाटचा एक खास प्रश्न आहे, वयाचा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१० ची लिनिया २०२५ मध्येच त्या मर्यादेला पोचली. पुढं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं, पण आरटीओत गाडी दाखवून तपासणी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नूतनीकरणाचं शुल्क पाच हजार रुपये आहे. वीस वर्षांपुढच्या मोटारीला हेच शुल्क दहा हजार झालं आहे. विक्रेता जर म्हणाला की पासिंग अजून चार महिने आहे, तर तो खर्च आणि धावपळ तो तुमच्या गळ्यात घालतोय. नूतनीकरण त्याच्याच नावावर होऊ द्या, मग पैसे द्या. माझ्या मते २०१४ नंतरची, नव्या चेहऱ्याची लिनिया घ्यावी. तिचं जमिनीपासूनचं अंतर जास्त आहे आणि वयाचा प्रश्नही काही वर्षं लांबतो.

दिल्लीकडून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्यांचं आमिष वेगळंच असतं. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल मोटारींवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत जाऊ लागल्या. गाडी खरोखर चांगली असू शकते, पण महाराष्ट्रात तिचा कर नव्यानं भरावा लागतो, एमएच-२१ क्रमांक घ्यावा लागतो आणि हा सगळा खर्च मिळवल्यावर स्वस्ताई बरीचशी उडून जाते. शक्यतो महाराष्ट्रातलीच गाडी घ्या. परिवहन खात्याच्या ऑनलाइन नोंदीत मालकाचा क्रम, बँकेचा बोजा आणि विमा तपासा. चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचा. बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढं जाऊ नका. हस्तांतरणाचे २९ आणि ३० हे फॉर्म भरून झाले, की मूळ मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवणं अपेक्षित आहे. ‘नावावर नंतर करू’ म्हणणाऱ्या एजंटाकडून गाडी घेऊच नये. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. फियाटचा कारभारच तेवढ्यात आटोपला, त्यामुळं जवळपास प्रत्येक जुनी फियाट या नियमात येते.

एवढं सगळं जमलं तरी एक अडचण उरते आणि ती कुणी विक्रेता सांगणार नाही. इंजिन मिळेल, सस्पेन्शन मिळेल, पण लिनियाचा हेडलाइट, बंपर, बाजूचा आरसा किंवा दाराचं हँडल जालन्याच्या दुकानात मिळणार नाही. रांजणगावचा कारखाना चालू आहे, तिथं आता जीप तयार होतात, आणि कंपनी काही सुटे भाग देते, पण मागवून वाट पाहावी लागते. म्हणून घेताना अंगानं धड असलेली गाडी निवडा, मग इंजिनाचं थोडं काम निघालं तरी चालेल. एरवी जुन्या गाडीबद्दल याच्या उलट सल्ला दिला जातो. ठोकलेली लिनिया स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि नंतर दिवा शोधत बसले, असे लोक शेवटी गाडी भंगारात घालतात. जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, इथल्या पोलाद भट्ट्यांना ते रोज हवंच असतं.

मुंबईला जाणं झालं, की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चक्कर टाका. जुन्या मोटारींच्या पार्टचा तो मोठा बाजार आहे आणि ज्या कुर्ल्यात फियाट जन्माला येत होत्या, तिथंच त्यांचे अवशेष विकले जातात. डाव्या-उजव्या बाजूचा एकेक हेडलाइट, एक आरसा आणि पुढच्या बंपरच्या क्लिपा दिसल्या तर गाडी धडधाकट असतानाच घेऊन ठेवा. घेण्यापूर्वी गाडी कोणत्या सालाची ते दुकानदाराला सांगा, कारण २०१४ पूर्वीचा आणि नंतरचा बंपर एकमेकांना बसत नाही.